दर कोटीमागे किती नोबेल? देशांची तुलना नीट कशी करायची

ऑक्टोबर उजाडला, नोबेलची नावं जाहीर व्हायला लागली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक ठरलेला फॉरवर्ड येतो, एवढासा देश आणि एवढी नोबेलं, आणि आपण एकशे पंचेचाळीस कोटी, आणि खाली डोक्याला हात लावलेली इमोजी. मी तो वर्षानुवर्षं वाचून पुढे सरकायचे. मग माझ्या नववीतल्या भाचीने शाळेच्या प्रदर्शनासाठी हाच विषय घेतला आणि म्हणाली मावशी, नोबेलवाल्यांची संख्या भागिले लोकसंख्या, एक भागाकार तर आहे, अर्ध्या तासात होईल. दोन पूर्ण संध्याकाळी गेल्या. भागाकार खरंच एकच आहे, पण अंशात काय घालायचं आणि छेदात काय घालायचं हे ठरवताना आमचं उत्तर तीनदा बदललं आणि प्रत्येक वेळी देशांचा क्रम वेगळा आला. ते सगळं इथे लिहून ठेवतेय, म्हणजे कुणाला अशी तुलना करायची असेल, शाळेसाठी असो, लेखासाठी असो किंवा नुसती उत्सुकता म्हणून, तर ती खरी होईल.

आधी एकक ठरवून टाका कारण ते सोपं आहे. जगभरच्या याद्यांमध्ये बहुतेकदा दर दहा मिलियन लोकांमागे असा आकडा देतात, आणि दहा मिलियन म्हणजे आपलं एक कोटी, त्यामुळे आपल्याला काही बदलायलाच लागत नाही. दर लाखामागे काढू नका, आपल्यासारख्या देशाचा आकडा दशांश चिन्हानंतरच्या शून्यांतच हरवतो.

आता अंश, इथेच खरा वेळ जातो. आल्फ्रेड नोबेल यांनी 1895 च्या मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलंय की बक्षीस देताना राष्ट्रीयत्वाचा विचार करू नये. म्हणजे देशवार मोजणी हा आपला उद्योग आहे, नोबेलवाल्यांचा नाही, त्यामुळे कुणाला कुठल्या देशात धरायचं याचा नियमही आपल्यालाच करावा लागतो. नोबेलच्या अधिकृत साईटवरच्या माहितीत माणसाचा जन्म कुठे झाला ते मिळतं आणि बक्षिसाच्या वेळी तो कुठल्या संस्थेत होता ते मिळतं, नागरिकत्व आपण वेगळं शोधायचं. तीन नियम, आणि तिन्ही वापरले जातात, म्हणूनच इंटरनेटवरच्या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

एकच ओळ जवळून बघा म्हणजे कळेल. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, फिजिक्स, 1983. जन्म 1910, लाहोर. तेव्हा तो ब्रिटिश हिंदुस्थान, आज पाकिस्तान. पदवी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजची. 1930 मध्ये एकोणीस वर्षांचे असताना बोटीने इंग्लंडला निघाले आणि त्या प्रवासातच ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेचं गणित करायला बसले, पुढचा अभ्यास केंब्रिजला. 1937 पासून शिकागो, 1953 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व. आता सांगा, हे कुठल्या देशाचे? आजच्या सीमेनुसार जन्म धरला तर पाकिस्तान, नागरिकत्व धरलं तर अमेरिका, संस्था धरली तरी अमेरिका, शिक्षण धरलं तर भारत आणि इंग्लंड दोन्ही. भाचीने त्यांच्या नावापुढे पाच रकाने भरले आणि म्हणाली की हा एक माणूस चार देशांच्या यादीत बसतोय. आणि त्यांचेच सख्खे काका सी. व्ही. रामन, 1930, जन्म तिरुचिरापल्लीचा, काम कोलकात्याचं, कुठलाही नियम लावा, भारतातच येतात. एकाच घरातली दोन नोबेलं, एक पक्कं आणि एक नियमावर लोंबकळणारं.

भारताची मोजणी तिन्ही नियमांनी करून बघा, सगळ्यात चांगला सराव तोच. नागरिकत्वाने, म्हणजे बक्षीस घेताना इथला नागरिक, आणि इंग्रजी अमदानीतले दोघे धरून: टागोर 1913, रामन 1930, मदर तेरेसा 1979, अमर्त्य सेन 1998, कैलाश सत्यार्थी 2014. पाच. आता आजच्या भारताच्या सीमेत जन्मलेले मोजा: मदर तेरेसा गळतात कारण त्यांचा जन्म स्कोप्येचा, म्हणजे आज नॉर्थ मॅसिडोनिया, आणि आत येतात वेंकटरामन रामकृष्णन (चिदंबरम, 2009), अभिजित बॅनर्जी (मुंबई, 2019), आणि ज्यांची आपल्याला आठवणही होत नाही असे दोघे, रोनाल्ड रॉस (अल्मोडा, 1902) आणि रुडयार्ड किपलिंग (मुंबई, 1907). एकूण आठ. हरगोविंद खुराना मात्र येत नाहीत, त्यांचं गाव मुलतान जिल्ह्यातलं, आता पाकिस्तानात. आणि तिसरा नियम, बक्षीस मिळताना भारतात राहून काम करणारे भारतीय नागरिक: टागोर, रामन, मदर तेरेसा, सत्यार्थी. चार. कारण सेन 1998 मध्ये केंब्रिजला होते.

चार, पाच, आठ. आणि फॉरवर्डमध्ये कधी नऊ, कधी बारा असतात, कारण तिथे नियमच नसतो, जे नाव ओळखीचं वाटलं ते घातलं. बारा कुठून येतात तर ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेले सगळे धरले की अब्दुस सलाम आणि मोहम्मद युनूस पण त्यात येतात, मग छेदात पाकिस्तान आणि बांगलादेशची लोकसंख्या पण घाला की! ती कुणी घालत नाही. अंश ज्या सीमेचा, छेद त्याच सीमेचा, हा नियम मोडला की पुढचं सगळं गणित फुकट.

माझं मत विचाराल तर जन्माचा नियम मोजायला सगळ्यात सोपा आहे कारण वाद कमी होतात, पण देशाबद्दल तो सगळ्यात कमी सांगतो. मुंबईचंच घ्या. किपलिंग जन्मले जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, वडील तिथे शिकवायचे, आणि पाच-सहा वर्षांचे असताना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले गेले. अभिजित बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई मराठी, मधलं नाव विनायक, आपल्याला साहजिकच आपुलकी वाटते, पण वाढले आणि शिकले कोलकात्यात, मग दिल्लीत जेएनयूला, मग हार्वर्डला. आता 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर साधारण सव्वा कोटी, दोन भागिले सव्वा, म्हणजे दर कोटीमागे 1.6. सगळ्या जगात मिळून आजवर साधारण हजार विजेते आणि लोकसंख्या आठशे कोटी, म्हणजे जगाचा दर साधारण 1.25. झालं, मुंबई हा देश असता तर जगाच्या सरासरीच्या वर! गणित बरोबर आहे आणि अर्थ काहीच नाही. म्हणून जन्माचा नियम घेतलात तर त्यातून "अमुक देशात विज्ञान चांगलं चालतं" असं वाक्य काढू नका, ते काढायचं असेल तर संस्थेचा नियम घ्या, म्हणजे काम कुठे झालं.

आणि संस्थेच्या नियमातही एक खाच आहे, बक्षिसाच्या वेळची संस्था म्हणजे काम झालेली जागा नव्हे. रोनाल्ड रॉस यांना मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात दिसला तो 20 ऑगस्ट 1897 ला, सिकंदराबादला. बक्षीस 1902 चं, आणि नोंदीत संस्था लिव्हरपूलची. शोध इथला, नोंद तिथली. अशा ओळी शंभर नावांत बऱ्याच सापडतील, त्यांच्यासाठी शीटमध्ये "काम कुठे झालं" असा वेगळा कॉलम करा आणि हाताने भरा, दुसरा उपाय नाही.

संघटनांचं काय करायचं तेही आधीच ठरवा. शांततेचं नोबेल संस्थांनाही मिळतं, रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला तीनदा मिळालंय, 1917, 1944 आणि 1963, आणि मुख्यालय जिनिव्हात. ते स्वित्झर्लंडच्या खात्यात टाकलं की नव्वद लाखांच्या देशाचा आकडा एकदम फुगतो. मी संघटना सगळ्याच बाहेर ठेवते. मेरी क्युरींसारखे दोनदा जिंकणारे असतील तर माणसं मोजताय की बक्षिसं ते ठरवा, मी माणसं मोजते, म्हणजे क्युरी एकदाच.

वाटून दिलेल्या बक्षिसाचा प्रश्न बरेच लोक सोडून देतात. एक बक्षीस जास्तीत जास्त तिघांत वाटलं जातं, तर मग तिसरा हिस्सा मिळालेल्याला एक धरायचं की एक तृतीयांश? दोन्ही करून बघा. भारतीय नागरिकांच्या पाचमध्ये फक्त सत्यार्थींचं अर्धं आहे, मलालाबरोबर, म्हणून पाचाचे साडेचार होतात, फार फरक नाही. पण परदेशी गेलेले आपले चौघे, खुराना, चंद्रशेखर, रामकृष्णन, बॅनर्जी, यांचे हिस्से एक तृतीयांश, अर्धा, एक तृतीयांश, एक तृतीयांश, बेरीज फक्त दीड. चार नावं आणि दीड बक्षीस. याचं कारण असं की सुरुवातीच्या काळात विज्ञानातही एकाला पूर्ण बक्षीस सर्रास मिळायचं आणि आता तिघं असणं नेहमीचं झालंय, त्यामुळे हिश्श्याने मोजलं की ज्यांचे विजेते अलीकडचे आहेत ते देश मागे पडतात. मी माणूस म्हणून एक धरते आणि हिश्श्याचा आकडा शेजारच्या कॉलमला ठेवते.

विषय वेगळे करायचे की नाही? करायचेच. विज्ञानाची तीन, अर्थशास्त्र (ते मुळात नोबेलच्या मृत्युपत्रात नाहीच, स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने 1968 मध्ये सुरू केलं आणि पहिलं 1969 ला दिलं), साहित्य आणि शांतता हे चार गठ्ठे वेगळे ठेवा. साहित्याचं बक्षीस स्वीडिश अकादमी देते आणि 1974 मध्ये ते एव्हिंड जॉन्सन आणि हॅरी मार्टिन्सन या दोघांना मिळालं, दोघेही त्याच अकादमीचे सदस्य. स्वीडनचे लेखक चांगले नसतात असं मला अजिबात म्हणायचं नाही, पण सेल्मा लागरलॉफपासून टोमास ट्रान्सट्रोमरपर्यंत सात स्वीडिश लेखक आणि अख्ख्या भारतीय भाषांतून एक टागोर, तेही बंगालीचं इंग्रजी त्यांनी स्वतः केलं म्हणून तिथवर पोचले, तेव्हा हा आकडा साहित्याची मोजणी करतो की भाषांतराची, हा प्रश्न विचारायलाच हवा. तुकोबांच्या भाषेत लिहिणाऱ्यांना तर तो विचारायचा हक्कच आहे. शांततेचंही तसंच, तिथे नॉर्वेची समिती, आणि गांधीजींचं नाव 1937, 38, 39, 47 आणि 48 असं पाच वेळा सुचवलं गेलं आणि मिळालं नाही. 1948 ला तर शांततेचं बक्षीसच दिलं नाही. म्हणून "देशाचं विज्ञान" बोलायचं असेल तर फक्त विज्ञानाचा गठ्ठा घ्या.

आता छेद, आणि इथे जवळपास सगळेच चुकतात, पहिल्या दिवशी आम्हीही चुकलो. अंशात 1901 पासूनची सव्वाशे वर्षं आणि छेदात आजची लोकसंख्या. टागोरांना बक्षीस मिळालं तेव्हा आपण एकशे पंचेचाळीस कोटी होतो का? आजच्या सीमेतला भारत 1901 च्या जनगणनेत 23.8 कोटी होता. 1951 ला 36.1, 1981 ला 68.3, 2001 ला 102.9, 2011 ला 121.1. ज्या देशाची लोकसंख्या सहापट झाली त्याला आजच्या आकड्याने भागणं म्हणजे जे लोक तेव्हा जन्मलेच नव्हते त्यांनाही जबाबदार धरणं.

यावर उपाय सोपा आहे, माणूस-वर्षं काढा. दर दहा वर्षांचा जनगणनेचा आकडा घ्या, लागोपाठच्या दोन आकड्यांची सरासरी करा, दहाने गुणा, सगळे दशक बेरीज करा. 2021 ला जनगणना झाली नाही म्हणून तिथे साधारण 140 कोटी धरा. भारताची बेरीज येते सुमारे 7037 कोटी माणूस-वर्षं, ती 120 वर्षांनी भागली की सरासरी लोकसंख्या 58-59 कोटी. एकशे पंचेचाळीस नव्हे, एकोणसाठ! स्वीडनचं केलं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साधारण 51 लाख, आज एक कोटी सहा लाखांच्या आसपास, सरासरी 76 लाख. ते फक्त दुप्पट झाले, आपण सहापट.

आता जन्माच्या नियमाने दोन्ही देश ठेवून बघा. स्वीडनमध्ये जन्मलेले विजेते तीसच्या आसपास, सोयीसाठी 30 धरू, भारतात 8. आजच्या लोकसंख्येने भागलं तर स्वीडन दर कोटीमागे 28, भारत 0.055, म्हणजे स्वीडन आपल्या पाचशे पटीच्या वर. सरासरी लोकसंख्येने भागलं तर स्वीडन 39, भारत 0.137, म्हणजे तीनशे पटीच्या आत. तरी दरी प्रचंड आहेच, ती कुठे जात नाही, आणि ती लपवायची पण नाहीये. पण पाचशे आणि तीनशेमधला जो फरक आहे तो आपल्या शास्त्रज्ञांमुळे नाही, चुकीच्या छेदामुळे आहे, आणि तेवढा तरी तो काढून टाकायला हवा.

जुने आकडे मिळतात का? 1950 पासूनचे युनायटेड नेशन्सचे वर्षवार अंदाज सगळ्या देशांचे फुकट मिळतात. त्याआधीचे आपल्याकडे जनगणनेमुळे चांगले आहेत. अवघड जातात ते देश ज्यांच्या सीमाच बदलल्या, ऑस्ट्रिया-हंगेरी, पोलंड, सोव्हिएत युनियन. मेरी क्युरी वॉर्सात जन्मल्या तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. सगळ्यांना आजच्या सीमा लावा, अंशालाही आणि छेदालाही, आणि तसं लिहा.

आणखी एक गोष्ट, काम आणि बक्षीस यांच्यातलं अंतर. चंद्रशेखरांचं बोटीवरचं गणित 1930 चं आणि बक्षीस 1983 चं, त्रेपन्न वर्षं. पीटर हिग्ज यांचा पेपर 1964 चा, बक्षीस 2013. म्हणजे आज मिळणारं नोबेल आजचा देश दाखवत नाही, वीस-तीस-पन्नास वर्षांपूर्वीची प्रयोगशाळा दाखवतं. ज्या देशाने गेल्या पंधरा-वीस वर्षांत संशोधनावर पैसा ओतला त्याचं फळ अजून यादीत आलेलंच नसणार. उलट रामन यांचा प्रयोग 28 फेब्रुवारी 1928 चा आणि बक्षीस 1930 ला, इतकं पटकन क्वचितच होतं. काळानुसार तुलना करायची असेल तर बक्षिसाचं वर्ष नाही तर कामाचं वर्ष धरा, आणि तसं धरलं की एक गोष्ट उघडी पडते जी कुठल्याही नियमाने झाकता येत नाही, की रामन यांच्यानंतर भारतात राहून केलेल्या कामाला विज्ञानाचं नोबेल मिळालेलं नाही. भाचीने विचारलं, हे तक्त्यावर लिहायचं का? मी म्हटलं, लिहायचंच. बरोबर छेद वापरायचा तो अशी खरी गोष्ट स्पष्ट दिसावी म्हणूनच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग, छोटे देश. दर कोटीची कुठलीही यादी उघडा, वर कोण दिसतं? सेंट लुशिया. कॅरिबियन समुद्रातलं बेट, लोकसंख्या एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम तालुका. तिथे जन्मलेले दोघे नोबेल विजेते, आर्थर लुईस (अर्थशास्त्र, 1979) आणि डेरेक वॉलकॉट (साहित्य, 1992), आणि दोघांचाही वाढदिवस 23 जानेवारी. दोन भागिले 0.018 कोटी, दर कोटीमागे 111. स्वीडनच्या चौपट! आणखी खाली जायचं तर फेरो बेटं, पंचावन्न हजारांच्या आसपास वस्ती, तिथल्या टोर्सहाव्हनचे नील्स फिन्सेन, 1903 चं मेडिसिन, दर कोटीमागे साधारण 180. ती बेटं स्वतंत्र देश नाहीत, डेन्मार्कचा भाग आहेत, म्हणून याद्यांत येत नाहीत. आइसलँड, चार लाखांच्या आत, एक हाल्डोर लाक्सनेस, 1955. लक्झेंबर्ग, पावणेसात लाखांच्या आसपास, तिथे जन्मलेले गाब्रिएल लिपमान आणि ज्यूल हॉफमान, दोघेही फ्रेंच म्हणून ओळखले गेले.

आणि यादीच्या तळाशी कोण? तेही छोटेच. मालदीव शून्य, भूतान शून्य. मधे बसतात ते मोठे. असं का होतं ते कळलं की निम्मी सांख्यिकी कळली असं मी म्हणेन. जगाचा दर कोटीमागे 1.25 आहे असं धरा आणि तो सगळीकडे अगदी सारखा आहे असंही धरा. मग चार लाखांच्या देशात किती विजेते अपेक्षित? 0.05. गोव्याएवढ्या, 2011 ला 14.58 लाख, देशात 0.18. पण माणूस 0.05 जन्मत नाही, एक तर शून्य नाहीतर एक. शून्य आला की देश तळाला, एक आला की दर एकदम 25, जगाच्या वीसपट, देश शिखरावर. मधली जागाच नाही. म्हणजे हुशारी सगळीकडे सारखी वाटलेली असती तरी यादी अशीच दिसली असती, वर छोटे, खाली छोटे. एका वॉलकॉटवरून बेटाची शिक्षणपद्धती जोखणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. वॉलकॉट थोर कवी आहेतच, पण एक कवी म्हणजे देशाचा दर नव्हे.

मग करायचं काय? बरेच लोक मर्यादा घालतात, पन्नास लाखांखालचे देश वगळा वगैरे. चालतं, पण मर्यादा कुठे घालायची हे परत आपल्याच हातात, आणि आवडता देश आत राहावा म्हणून ती सरकवायचा मोह होतो. त्यापेक्षा आकड्याबरोबर त्याचा पट्टा द्या, म्हणजे खरा दर साधारण इथपासून इथपर्यंत असू शकतो असं. स्प्रेडशीटमध्ये काय-स्क्वेअर इन्व्हर्सचं फंक्शन असतं, खालच्या टोकासाठी त्यात 0.025 आणि विजेत्यांच्या संख्येची दुप्पट घाला, येईल त्याचं अर्धं करा. वरच्या टोकासाठी 0.975 आणि विजेत्यांच्या संख्येची दुप्पट अधिक दोन, येईल त्याचं अर्धं. दोन विजेत्यांना हा पट्टा येतो 0.24 ते 7.22, तीसला येतो 20.2 ते 42.8, आठला 3.5 ते 15.8. शून्य असेल तर खालचं टोक शून्य आणि वरचं 3.69, आणि हे पण फार उपयोगी आहे, शून्य विजेते म्हणजे शून्य दर नाही हे त्यातून दिसतं. मग दोन्ही टोकांना लोकसंख्येने भागा, इथे सोयीसाठी मी आजचीच घेतलीय. सेंट लुशिया दर कोटीमागे 13 ते 401. स्वीडन 19 ते 40. बघा, स्वीडनचा अख्खा पट्टा सेंट लुशियाच्या पट्ट्याच्या आत बसतो. सेंट लुशिया स्वीडनच्या पुढे आहे असं म्हणायला काही आधारच उरत नाही, मागे आहे असं म्हणायलाही नाही. स्वीडन भारताच्या पुढे आहे हे मात्र पट्टे लावूनही ठामपणे म्हणता येतं.

आणि भारत-पाकिस्तान, कारण कुणीतरी विचारणारच. नागरिकत्वाने पाकिस्तानचे दोन, सलाम 1979 आणि मलाला 2014, लोकसंख्या 24 कोटी, दर 0.083. भारत पाच, दर 0.034. नुसता भागाकार बघितला तर ते पुढे, आणि जन्माने मोजलं तरी तेच पुढे कारण खुराना आणि चंद्रशेखर तिकडे जातात. पण पट्टे बघा, त्यांचा 0.01 ते 0.30, आपला 0.01 ते 0.08. एकमेकांत पूर्ण मिसळलेले. इतक्या कमी संख्येवरून दोघांत वर-खाली ठरवताच येत नाही, हेच खरं उत्तर, आणि कुणी ग्रुपवर यावरून भांडत असेल तर त्याला हे दोन पट्टे पाठवा.

नोबेल सोडून दुसरं बक्षीस घ्यायचं असेल तर सगळी पद्धत हीच, फक्त आधी बघा की त्या बक्षिसाला कोण पात्र होतं. कादंबरीचं बुकर 2013 पर्यंत मुख्यतः राष्ट्रकुल आणि आयर्लंडच्या लेखकांनाच होतं, मग तोवर अमेरिकेला त्यात शून्य होतं म्हणून हसण्यात काय अर्थ! गणिताचं फील्ड्स मेडल चाळिशीच्या आतल्यांनाच आणि चार वर्षांतून एकदा. मॅगसेसे आशियापुरतं, 1958 पासून, पहिल्याच वर्षी विनोबा, मग बाबा आमटे 1985, पुढे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 2008, तिथे महाराष्ट्राचा आकडा फार चांगला दिसेल, पण तुलना आशियातल्या देशांशीच करा. वर्ल्ड फूड प्राइझमध्ये 1998 ला जालन्याचे बद्रीनारायण बारवाले आहेत, वास्तुकलेच्या प्रिट्झकरमध्ये 2018 ला पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी. आणि एवढं मात्र करू नका, सगळी बक्षिसं एकत्र बेरीज करून "एकूण गुण" काढू नका, एका फील्ड्सला किती नोबेल हे कोण ठरवणार?

शीट करताना एक व्यावहारिक त्रास होतोच, देशांची नावं जुळत नाहीत. एका फाईलमध्ये साउथ कोरिया, दुसरीत रिपब्लिक ऑफ कोरिया, कुठे टर्की कुठे तुर्किये, कुठे चेक रिपब्लिक कुठे चेकिया, आणि फॉर्म्युला गुपचूप रिकामा सेल देतो जो पुढे शून्य म्हणून मोजला जातो. नावांऐवजी तीन अक्षरी देशसंकेत वापरा आणि जोडणी झाल्यावर दोन्ही बाजूंच्या ओळी मोजून बघा. आणि नियम, म्हणजे जन्म की नागरिकत्व, संघटना आत की बाहेर, कुठली लोकसंख्या, हे सगळं पहिल्या टॅबवर आधी लिहा, तारखेसकट, आणि उत्तर बघितल्यावर बदलू नका. बदलायचंच असेल तर दोन्ही उत्तरं दाखवा.

भाचीच्या तक्त्यात आम्ही आजचीच लोकसंख्या ठेवली, कारण छोट्या बेटांचे जुने आकडे जुळवायला वेळ नव्हता, आणि तसं खाली स्पष्ट लिहिलं: "जन्मानुसार, आजच्या सीमा, आजची लोकसंख्या, संघटना वगळून." खांब न काढता प्रत्येक देशासाठी एक आडवी रेघ काढली, पट्टा जिथून सुरू होतो तिथून जिथे संपतो तिथपर्यंत, एक सेंटिमीटरला पाच असं माप धरून. स्वीडनची रेघ चार सेंटिमीटरच्या जरा आधी सुरू होऊन आठला संपली. भारताची रेघ काढताच येईना, पेनचा नुसता एक ठिपका आला अगदी शून्याला चिकटून. सेंट लुशियाची पावणेतीनपासून निघाली ती ऐंशी सेंटिमीटरपर्यंत, कार्डशीट तेवढा रुंदच नव्हता, म्हणून तिने उजवीकडे दुसरा कार्डशीट सेलोटेपने चिकटवला आणि रेघ त्याच्यावर पुढे नेली, आणि प्रदर्शनात येणारा प्रत्येक जण पहिलं तिथेच बोट ठेवून विचारत होता, ही एवढी लांब कशी काय गं?